पणजोबांचे चांदीचे खिशातले घड्याळ : ओळखायचे कसे, किंमत किती धरायची?

माशेलची
नमस्कार मंडळी. आमच्याकडे वाटणीचे चालले आहे. घर, भाट, कुळागर (बागायत) हे काका आणि वकील बघतायत. जिन्नसांची यादी माझ्या गळ्यात पडली आहे. त्यात पत्र्याच्या ट्रंकेतून पणजोबांचे खिशातले घड्याळ निघाले. तेव्हापासून समया, हंडे, शिसवी पलंग सगळे बाजूला राहिले आणि घरचे या एका वस्तूवर अडून बसलेत. मुंबईच्या आत्याला हवे, धाकट्या काकांना हवे. मला एवढेच हवे की यादीत त्याच्यापुढे जो आकडा लिहीन त्यावर उद्या कोणी बोट ठेवू नये.

सराफाकडे नेले होते. त्याने काट्यावर टाकले, ८८ ग्रॅम भरले. मशीन आणि काच वजा जाता चाळीसेक ग्रॅम राहतील, टंच (चांदीची शुद्धता) कमी आहे, मोडीच्या भावाने घेतो म्हणाला. मी परत घेऊन आले.

वर्णन: पुढे झाकण नाही, नुसती काच. पांढरी चिनी मातीसारखी डायल, रोमन आकडे, खाली सेकंदाचा वेगळा छोटा काटा. डायलवर नाव काहीही नाही. मागे एकात एक दोन झाकणे. बाहेरच्या झाकणाच्या आतल्या अंगाला बारीक शिक्के: कोंबड्यासारखा पक्षी, ०.८००, आणि खाली सात आकडी नंबर. आतल्या झाकणावर फ्रेंच का पोर्तुगीज काहीतरी कोरलेय. चावी दिली की थोडे चालते, मग बंद. काय समजायचे?

रात्रपाळी
ताई, अजिबात विकू नका!! परदेशी साइटवर अगदी असेच चांदीचे घड्याळ दीड लाखाला बघितलेय. सराफ लुटतोय तुम्हाला.

कुळागरवाला
दीड लाख? मग काका-आत्या दोघेही कोर्टात जाणार हे नक्की.

घड्याळवेडा_मडगाव
ताई, पहिली गोष्ट: चावी देणे बंद करा. आज, आत्ता. इतक्या वर्षांत तेल वाळून डिंक झालेले असते. तशात चाके फिरवली की त्यांची पोलादी टोके कोरडी घासतात आणि झिजतात. बंद घड्याळ दुरुस्त होते. झिजलेल्या घड्याळाला सुटा भाग शोधावा लागतो आणि तो शंभर वर्षांनी कुठे मिळायचा?

दुसरी गोष्ट, रात्रपाळी, दीड लाख हा विकणाऱ्याने मागितलेला आकडा. मागायला काय जाते? त्याच साइटवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवा असा पर्याय असतो, तो लावून बघा. पहिल्या पानावरच डोळे उघडतील.

आता घड्याळाकडे. तो कोंबडा नव्हे, ग्राऊज नावाचा रानपक्षी आहे. स्वित्झर्लंडमध्ये १८८० साली मौल्यवान धातूंचा कायदा झाला. त्यापासून तिथल्या ०.८०० टंचाच्या चांदीवर हा पक्षी आणि ०.८७५ वर उभे अस्वल मारायची पद्धत पडली. इंग्लंडच्या बाजारासाठी ०.९३५ ची चांदी काढत, तिच्यावर तीन अस्वले असतात. म्हणजे तुमची केस (घड्याळाची बाहेरची डबी) स्विस, चांदी अस्सल, १००० भागांत ८०० भाग. सराफ टंचाबद्दल खोटे बोलला नाही. तो बोलला नाही ते एवढेच, की चांदी हा या वस्तूचा सर्वांत स्वस्त भाग असू शकतो.

आतल्या झाकणावर काय कोरलेय ते अक्षर न अक्षर इथे लिहा. पदके, मुकुट, काहीही असेल तरी सांगा. ते झाकण उघडू नका म्हणत नाही, पण उघडायचेच तर बिजागरीच्या समोरच्या कडेला बारीक ओठ असतो, तिथे अंगठ्याचे नख घाला. सुरी नको, पेचकस नको.

शेटगिरी
म्हापशाहून लिहितोय, घरचा धंदा सोन्याचांदीचा. सराफाला लुटारू म्हणायची घाई नको. आमच्याकडे घड्याळ आले तर ते आम्ही घड्याळ म्हणून विकू शकत नाही. गिऱ्हाईक ठरलेले नाही, चालेल याची खात्री देता येत नाही. आम्ही ते आटवणार. आटवायच्या मालाला आटवायचा भाव. त्या माणसाने निदान मशीनचे वजन तरी प्रामाणिकपणे वजा करून सांगितले.

फक्त एक: शिक्का आहे म्हणून चांदी, असे आम्ही कधी धरत नाही. जर्मन सिल्व्हर नावाच्या धातूत चांदी औषधालाही नसते, तांबे, निकेल आणि जस्त असते. पूर्वी कसोटीवर घासून नायट्रिक अॅसिडचा थेंब सोडत. घड्याळावर तो प्रकार करू देऊ नका, डाग राहतो. आता पणजी, मडगाव, म्हापसा सगळीकडे मोठ्या पेढ्यांत क्ष-किरणांचे टंच मशीन आहे. वस्तू तशीच ठेवायची, अर्ध्या मिनिटात कागद हातात. यादीला जोडायला तो कागद बरा.

माशेलची
धन्यवाद सगळ्यांना. आतल्या झाकणावरचे, मला लागते तसे वाचून लिहिते: आंक्र, लीन्य द्रुआत, १५ रुबी, स्पिराल ब्रेगे. त्याच्याभोवती तीन-चार पदकांची चित्रे. एकात ग्रां प्री, पारी, १९००. अगदी कडेला बारीक: मेताल.

काका म्हणतात कंपनीचे नाव ब्रेगे आहे आणि ती फार मोठी कंपनी आहे. खरे का?

कुळागरवाला
आत्याला कळवू नका म्हणजे झाले.

घड्याळवेडा_मडगाव
काकांना सांगा, ब्रेगे खरोखर मोठे घराणे, पण इथे त्याचा काही संबंध नाही. ‘स्पिराल ब्रेगे’ म्हणजे आतली केसासारखी बारीक कमान शेवटच्या वेटोळ्याला वर उचलून आत वळवलेली आहे. ती युक्ती ब्रेगेने काढली म्हणून तिला त्याचे नाव. ‘आंक्र, लीन्य द्रुआत’ म्हणजे नांगरी चाल, सरळ रेषेत मांडलेली; चाल म्हणजे चाकांना ठेक्यात सोडणारी यंत्रणा. १५ रुबी म्हणजे झीज टाळायला आत बसवलेले १५ खडे. झाकणावरचा सगळा मजकूर म्हणजे मशीनचे वर्णन. बनवणारा कोण ते यातून कळत नाही. अशाच एका घड्याळाला ‘रेमोंत्वार कंपनीचे’ म्हणून विकताना मी ऐकलेय. रेमोंत्वार म्हणजे किल्लीशिवाय, वरचे बोंड फिरवून चावी द्यायचे घड्याळ.

पण वर्णनही उपयोगाचे आहे. त्या काळी स्वस्त मालात सिलिंडर चाल असे, आठ किंवा दहा खड्यांची. झाकणावर ‘सिलँद्र’ असते तर मी तुम्हाला इथेच थांबा म्हटले असते, कारण असली चांदीची साधी घड्याळे युरोपात ढिगाने आहेत. नांगरी चाल, १५ खडे, ब्रेगे कमान, हे तिन्ही एकत्र म्हणजे कुणीतरी नीट पैसे मोजून घेतलेले घड्याळ.

पारी १९०० हे पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातले बक्षीस. घड्याळ त्या साली बनले असे नव्हे. कारखान्याला बक्षीस मिळाले आणि मग तो पुढची कित्येक वर्षे ते मिरवत राहिला. यातून एवढेच ठरते की घड्याळ १९०० च्या आधीचे नाही.

आणि ‘मेताल’ सराफाला दाखवा. हे आतले झाकण चांदीचे नाही असे कारखान्याने स्वतःच लिहून ठेवलेय. स्विस घड्याळांत हे नेहमीचे. बाहेरची दोन्ही अंगे चांदीची, आतले झाकण पितळ-निकेलचे, वर चांदीचा मुलामा.

आता मशीन बघितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जुन्या यांत्रिक घड्याळांवर हात बसलेल्या कुणाकडे तरी जा आणि तुमच्यासमोर उघडायला सांगा. मशीनवरचे नाव, चिन्ह, नंबर. तो नंबर केसवरच्या नंबराशी जुळतो का हे मुद्दाम बघा.

दिवाडकर
मधेच घुसतो, माफ करा. तारवटी (बोटीवरचा खलाशी) म्हणून आयुष्य गेले, आता घरी. माझ्याकडेही दोन आहेत. एकाच्या पाठीवर आगगाडीचे इंजिन कोरलेय, डायलवर ‘रेल्वे रेग्युलेटर’. पांढरा धातू, चांदीच दिसते. दुसरे पुढे झाकण असलेले, आत सिंह, नांगर आणि एक अक्षर. नांगर आहे म्हणजे बोटीवरचे असणार असे आमचे कप्तान म्हणायचे.

घड्याळवेडा_मडगाव
दिवाडकर बाब, पहिल्याचे सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. इंजिनवाले ते बहुधा रोस्कोफ पद्धतीचे. जॉर्ज फ्रेडरिक रोस्कोफने १८६७ च्या सुमारास कामगाराला परवडेल असे घड्याळ काढले. कमी चाके, खड्यांऐवजी नांगराला पोलादी खिळे, साधी निकेलची केस. कल्पना इतकी चालली की नकला काढणाऱ्यांनी जग भरून टाकले आणि आपल्याकडे त्यांच्या पाठीवर इंजिने कोरून विकली गेली. रेल्वेने दिले असा समज तिथूनच. चांदी नाही. टिकटिक मात्र खोलीभर ऐकू येते ना? तीच खूण. टेबलावर ठेवा, शोभेचे आहे.

दुसऱ्याकडे नीट लक्ष द्या. सिंह चालतोय आणि उजवा पाय उचललेला आहे ना? ती इंग्लंडची स्टर्लिंग चांदी, ९२५. नांगराचा बोटीशी संबंध नाही. नांगर हे बर्मिंगहॅमच्या टंचशाळेचे चिन्ह, आणि बर्मिंगहॅम समुद्रापासून चांगले लांब आहे. लंडनला बिबळ्याचे तोंड, चेस्टरला तलवार आणि गव्हाच्या पेंढ्या. अक्षर सालाचे. पण इथेच लोक फसतात. प्रत्येक शहराची अक्षरमाला वेगळी, दर फेरीला अक्षराचे वळण वेगळे आणि त्याभोवतीच्या ढालीचा आकार वेगळा. तेच अक्षर लंडनला एका साली, बर्मिंगहॅमला दुसऱ्याच. म्हणून शहर, वळण आणि ढाल तिन्ही पाहून मगच तक्ता उघडायचा. 

आणि एक विनंती. पुढचे झाकण बंद करताना ‘टक’ आवाज काढत दाबू नका. वरचे बोंड दाबून धरा, झाकण टेकवा, मग बोंड सोडा. नाहीतर चांदीचा ओठ झिजतो आणि झाकण बसेनासे होते. निम्म्या हंटर (पुढे झाकण असलेल्या) घड्याळांचे हेच झालेले असते.

दिवाडकर
सिंह चालतोय! पाय झिजलाय पण उचललेला आहे. आणि टक आवाज मी रोज काढतो, नातवाला आवडतो म्हणून. बंद करतो.

गिरगावकर
मूळचा डिचोलीचा, चार पिढ्या मुंबईत. ताईंच्या घड्याळाचे: डायलवर नाव नाही म्हणजे भुरटे असे कुणी समजू नये. मुंबईहून आलेल्या घड्याळांवर बहुधा विकणाऱ्याचे नाव असायचे. फावर-ल्युबा या स्विस घड्याळ कंपनीचे लोक १८६५ पासून हिंदुस्थानात व्यापार करत, वेस्ट एंड वॉच कंपनीची मुंबई-कलकत्त्याला दुकाने. वेस्ट एंडच्या बऱ्याच घड्याळांत मशीन लाँजीन या स्विस कारखान्याचे. तेव्हा डायलवर एक नाव, आत दुसरे, हे फसवणुकीचे लक्षण नव्हे. तो त्या काळचा धंदाच तसा होता. नाव नसलेली डायल लिस्बनमार्गे आलेल्या मालात असू शकते, मुंबईच्याही. गोव्यातल्या माणसाची १८८० च्या दशकात मुरगावची रेल्वे झाल्यावर मुंबईला येजा असणारच.

आमच्या आजोबांचे कोटाच्या खिशातले वेस्ट एंड होते. त्याच्या डायलवर कुणीतरी नंतर नवे नाव रंगवून घेतले आणि घड्याळाची अब्रू गेली.

नवाकोरा
मीही टाकतो. अंजुणच्या बुधवारच्या बाजारात ६ हजारांना घेतले. डायलवर ‘व्हिक्टोरिया, लंडन, १८८७’. पाठीवर राणीचे चित्र. चांदीचे म्हणाला. वजनदार आहे.

घड्याळवेडा_मडगाव
आत सिंह आहे? शहराचे चिन्ह? अक्षर?

नवाकोरा
आत काही नाही. गुळगुळीत. पण डायलवर १८८७ स्पष्ट आहे.

शेटगिरी
बाबा रे, खऱ्या जुन्या घड्याळाच्या डायलवर सहसा कोणी साल छापत नसे. टंच मशीनवर न्यायचे पैसेही घालवू नका. वरचा मुलामा कोपऱ्यात घासून पिवळे दिसतेय का तेवढे बघा.

नवाकोरा
कडीपाशी पिवळे आहे.

कुळागरवाला
राणीचे चित्र तरी खरे ना? मग झाले.

रात्रपाळी
माझ्या सासऱ्यांकडे अमेरिकन आहे, आत ‘सिल्व्हरॉइड’ लिहिलेय. ते तरी चांदीचे?

शेटगिरी
नाही. सिल्व्हरॉइड, सिल्व्हरीन, सिल्व्हरोड, सगळी निकेल-तांब्याच्या मिश्रणांची दुकानी नावे. अमेरिकन चांदी बहुधा ‘कॉइन’ असे लिहून येते, तिचा टंच ९००. आणि पोर्तुगीज चांदीबद्दल कुणी विचारण्याआधी सांगून टाकतो, कारण आमच्याकडे हेच सर्वांत जास्त येते: १८८७ ते १९३७ रानडुकराचे डोके, १९३८ पासून गरुड. पण डुकराचे डोके पॅरिसच्या लहान वस्तूंवरही मारत. तेव्हा नुसते डुक्कर दिसले की ‘लिस्बनचे’ म्हणून मोकळे होऊ नका.

वकीलबाई_पणजी
दोन गोष्टी सांगते, मग तुमचे चालू द्या.

ताई, इन्व्हेंटरीमध्ये जिन्नसाची किंमत लिहिली म्हणजे तेवढ्यालाच तो विकायचा असे नाही. दोन वारसांना एकच वस्तू हवी असेल तर लिसितासांव होते, म्हणजे वारसांमध्येच बोली. जो जास्त बोलतो त्याच्या वाट्याला वस्तू जाते आणि तो आकडा त्याच्या हिश्श्यात धरला जातो. २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यातही ही सोय कायम आहे. म्हणून तुमच्या यादीतला आकडा हा बोलीचा पाया. तो फार खाली धरलात तर वस्तू घेणाऱ्याचा फायदा, फार वर धरलात तर कोणी हातच लावणार नाही. समजण्यासारखा, पुराव्यासह आकडा लिहा. काका-आत्यांचे प्रेम किती रुपयांचे ते बोलीत कळेल.

दुसरे, हा धागा वाचून कोणी परदेशी साइटवर घड्याळ टाकायला धावेल म्हणून. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षे झालेली वस्तू पुरावशेष धरली जाते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शंभरच्या आतली असेल तर तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो. पोस्टात टाकून बघू म्हणणाऱ्यांचे पार्सल कस्टममध्ये अडकते. घरात ठेवायला, घरच्या घरात वाटून घ्यायला काही हरकत नाही.

रात्रपाळी
म्हणजे परदेशातली किंमत आपल्याला लागूच नाही की.

घड्याळवेडा_मडगाव
आता बोललात. जुन्या घड्याळाला परदेशात जे मिळते ते त्याला पुण्यात, पणजीत मिळेलच असे नाही. इथले संग्राहक थोडे, ते एकमेकांना ओळखतात आणि घासाघीस मन लावून करतात. मीही त्यातलाच.

माशेलची
मडगावला जाऊन आले. दुकान जिन्याखाली, एका माणसापुरते. म्हाताऱ्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले आणि पहिल्यांदा पाच मिनिटे नुसते केसच्या आत बघत बसले. मला वाटले चांदी बघतायत. मग त्यांनी मला भिंग दिले. झाकणाच्या आत, शिक्क्यांच्या बाजूला, सुईने ओरखडल्यासारखी अगदी बारीक अक्षरे आणि आकडे होते, निरनिराळ्या हातांची. म्हणाले ही आमच्या धंद्यातल्या लोकांची दप्तरे. ज्याने साफ केले त्याने आपली खूण टाकली. एका खुणेत ३४ वाचता आले. म्हणजे घड्याळ वापरात होते आणि कोणीतरी निगा राखत होते.

मशीन उघडले. पंख असलेले वाळूचे घड्याळ कोरलेय. नंबर पंधरा लाखांतला आणि केसवर आहे तोच. घड्याळजी म्हणाले, लाँजीन.

बाकी त्यांनी सांगितलेले: चक्र नीट डोलते, कमान सरळ आहे, तेल वाळलेय. डायलला २ च्या आकड्यापासून कडेपर्यंत केसाएवढी तडा. मिनिट काटा मूळचा नाही. ते मला आधी दिसलेच नव्हते. तास काटा गडद निळा आणि टोकाशी नक्षीचा, मिनिट काटा काळा, साधा. सफाई-तेलाचे साडेतीन हजार सांगितले. मशीन, डायल, काच काढून केस तोलली: ४७ ग्रॅम. आतले झाकण वेगळे तोलले: ९ ग्रॅम.

शेटगिरी
मग चांदी उरली ३८. टंच ८००, म्हणजे शुद्ध ३० ग्रॅम आणि थोडी चिल्लर. वरची कडी आणि बोंड चांदीचेच असते असे नाही, म्हणून त्याहून थोडे कमीच धरा. त्याला आजचा भाव लावा. तुमच्या सराफाचा आकडा त्याच्या आसपासच असणार.

गिरगावकर
पंख असलेले वाळूचे घड्याळ हे लाँजीनचे चिन्ह, १८८९ साली नोंदवलेले. स्वित्झर्लंडमधल्या सेंट-इमिएचा कारखाना. पणजोबांची निवड चांगली होती.

घड्याळवेडा_मडगाव
उत्तम झाले. लाँजीनच्या नंबरांचे ढोबळ तक्ते उपलब्ध आहेत. दहा लाखांचा टप्पा १८९९ चा, पंधरा लाखांचा १९०४ च्या सुमाराचा. पॅरिसच्या १९०० च्या पदकाशी ते जुळते. नेमके साल हवे असेल तर कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. नंबर आणि फोटो पाठवून विचारता येते. उत्तर आले तर ते छापून यादीला जोडा, त्यासारखा पुरावा नाही.

आता किंमत. केस आणि मशीनचा नंबर एक, ही सर्वांत मोठी जमेची बाजू. एकाचे मशीन दुसऱ्याच्या केसमध्ये घातलेली घड्याळे बाजारात इतकी आहेत की नंबर जुळला की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. नाव चांगले, चाल चांगली, जिवंत आहे. उणे बाजूला डायलची तडा आणि बदललेला काटा. तडा जात नाही. ती झाकायला कुणी डायल नव्याने रंगवून देतो म्हणाला तर नको म्हणा, गिरगावकरांच्या आजोबांच्या घड्याळाचे आठवा. काटा मात्र त्याच नमुन्याचा जुना, निळा, मिळू शकतो. मिळेपर्यंत आहे तो फेकू नका.

शिवाय पुढे झाकण नसलेले, तास-मिनिट-सेकंद एवढेच दाखवणारे. ठोके देणारे किंवा थांबवून सेकंद मोजायचे असते तर गोष्ट वेगळी होती. चांदीची साधी लाँजीन दुर्मीळ नाहीत, त्या कारखान्याने लाखांनी माल काढला.

माझ्या मते, इथल्या बाजारात, आहे त्या स्थितीत १२ ते १५ हजार. सफाई करून, काटा बसवून, कारखान्याचे पत्र जोडून १८ पर्यंत ताणता येईल. यादीत मी १४ लिहिले असते आणि पुढे एक ओळ: मोडीची किंमत वेगळी, सोबत टंचाचा कागद. हे माझे मत. घड्याळजींनाही लेखी आकडा मागा, दोन मते असलेली बरी.

रात्रपाळी
फक्त १४?

कुळागरवाला
दीड लाखातले एक शून्य कुठे पडले ते शोधतायत.

घड्याळवेडा_मडगाव
विमा काढायचा असता तर मी जास्त सांगितला असता, कारण तेव्हा प्रश्न ‘असे दुसरे दुकानातून आणायला काय पडेल’ असा असतो. विकायचे असते तर कमी, कारण घेणाराही त्यावर दोन पैसे ठेवणार. वाटणीत दोन्हींच्या मधला धरावा. घड्याळ तेच, आकडे तीन, आणि तिन्ही खरे.

माशेलची
पाठीवर पणजोबांची गुंफलेली आद्याक्षरे आहेत. आत्या म्हणते, पॉलिशवाल्याकडून ती काढून गुळगुळीत केले तर जास्त येतील. आणि काळे पडलेय ते भांडी घासायच्या पावडरीने स्वच्छ करू का?

घड्याळवेडा_मडगाव
दोन्हीला नको. अक्षरे घासून काढायची म्हणजे पाठीची चांदी पातळ करायची. मग ती बोटाने दाबली तरी दबते आणि जाणकार माणूस ते अंगठ्याने लगेच ओळखतो. परक्याची आद्याक्षरे थोडी किंमत कमी करतात हे खरे, पण तुमच्याकडे ते परके कुठे आहेत?

पावडर तर नकोच. त्यात खरखरीत कण असतात, शिक्के बोथट होतात. तो पक्षी गेला की पुरावा गेला. मऊ सुती फडके, हलका हात, बस. काळपट छटा कोपऱ्यांत राहू दे.

शेटगिरी
पावसाळ्याचे मीही जोडतो. आपल्या हवेत चांदी काळी पडायला वेळ लागत नाही. रबरबँड, लोकरीचे कापड, वर्तमानपत्र यांच्यात गंधक असते, त्यात गुंडाळू नका. धुतलेल्या सुती कापडात, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून. पुडी मधूनमधून बदलायची. आणि कापूर, डांबरगोळी शेजारी नको.

दिवाडकर
माझ्या इंग्लिश घड्याळाचे काटे-आकडे रात्री हिरवे चमकायचे नाहीत, पण भावाचे एक आहे त्याचे चमकायचे. आता चमकत नाहीत. आत काही बिघडले का?

घड्याळवेडा_मडगाव
आकडे जाड, पिवळट-तपकिरी लेप लावलेले आहेत? तो रेडियमचा लेप असणार, पहिल्या महायुद्धाच्या काळापासून घड्याळांवर लावत. चमकणारा पदार्थ जळून जातो, रेडियम जात नाही. त्याला निम्मे व्हायला १६०० वर्षे लागतात. काच बंद आहे तोवर कपाटात राहू दे. काच काढू नका, लेप खरवडू नका, नातवाच्या हातात देऊ नका. दुरुस्तीला दिलेत तर घड्याळजीला आधी सांगा.

माशेलची
कळवायचे राहिले होते. घड्याळजींनी लेखी १५ दिले. मी यादीत १५ लिहिले, नंबर, टंचाचा कागद आणि तडा-काटा यांची नोंद जोडून. कारखान्याला फोटो पाठवलेत. वकीलबाई म्हणाल्या त्या बोलीपर्यंत जावे लागले नाही; काकांनी घड्याळ घेतले आणि त्या बदल्यात मोठ्या समयांची जोडी आत्याकडे. समयांचे वजन केल्यावर आत्या खूश आहे.

शेटगिरी
साखळी कुठेय? असल्या घड्याळाला साखळी असणारच. इंग्लिश असेल तर एकेका कडीवर शिक्का असतो.

माशेलची
आजीने मोडून आत्याच्या लग्नात पैंजण केले म्हणे.

कुळागरवाला
म्हणजे आत्याचा हिस्सा आधीच पोचला होता. बरे, आमच्या मामांनी पन्नासच्या दशकात पणजीला घेतलेले मनगटी रोमर आहे, त्याचे...

घड्याळवेडा_मडगाव
मनगटी घड्याळांना नवा धागा काढा. फोटो मागच्या झाकणाचे आणि मशीनचे टाका, डायलचे नको.